आबांचा रणगाडा गंजलेला नव्हता

वाचकाचं पत्र

मॅडम, मी साताऱ्यात राहतो, बँकेत नोकरीला आहे आणि गेली काही वर्षं रणगाड्यांची 1/35 मापाची, म्हणजे खऱ्यापेक्षा पस्तीसपट लहान, प्लॅस्टिकची मॉडेल्स जोडतो. आमचा चौघांचा ग्रुप आहे. एक रविवार आड एकाच्या गच्चीवरच्या खोलीत बसतो. यंदा मी आपल्या लष्करातल्या पूना हॉर्स रेजिमेंटचा सेंच्युरियन रणगाडा केला. 1971च्या भारत-पाक युद्धात बसंतर नदीवर झालेल्या लढाईतला, ‘फामागुस्टा’ नावाचा. रंग, खुणा सगळं जीव ओतून केलं आणि वरून हलकी धूळ मारली. ग्रुपमध्ये घेऊन गेलो तर सगळे म्हणाले, “शोरूममधून काढून आणलास का?” आमच्यातला सगळ्यात धाकटा इंजिनिअरिंगला आहे, हात फार चांगला आहे त्याचा. त्यानेही सेंच्युरियनच केलाय, पण तांबड्या मातीनं माखलेला, प्रत्येक कड खरवडलेली, बाजूंवरून गंजाचे ओघळ. तो स्पंज हातात घेऊन म्हणाला, “काका, द्या इकडे, दहा मिनिटांत जिवंत करतो.” मी दिला नाही.

नंतर शेजारचे आबा घरी आले. ते निवृत्त दफेदार, सगळी नोकरी रणगाड्यांवर झाली. त्यांनी माझं मॉडेल निरखून पाहिलं, मग फोनमध्ये धाकट्याच्या मॉडेलचा फोटो पाहिला आणि म्हणाले, “एवढा गंज आमच्या गाडीवर दिसला असता तर आमची धडगत नव्हती.” तेव्हापासून मी ग्रुपला गेलेलो नाही. बरोबर कोण? वेदरिंग, म्हणजे मॉडेलवर धूळ, चिखल, गंज दाखवायचं काम, करायचं तरी किती? आणि हा छंद एकट्यानं केलेलाच बरा का?

– एक वाचक, सातारा

उत्तर

नमस्कार. तुम्ही स्पंजाखाली मॉडेल दिलं नाहीत ते योग्यच केलंत. दुसऱ्याच्या पूर्ण झालेल्या मॉडेलला हात लावायचा नाही, हा नियम कुठल्याही ग्रुपमध्ये असायलाच हवा. पण त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता, हेही तुमच्या पत्रातूनच कळतं. त्याला तुमचा टँक आवडला होता आणि त्यात काहीतरी कमी आहे असं त्याला मनापासून वाटलं. त्याला वाटलं त्यात थोडं तथ्य आहे. आबा म्हणाले त्यात बरंच जास्त आहे.

वेदरिंग किती करायचं, या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तो प्रश्नच उशिरा विचारलेला आहे. त्याच्या आधी विचारायचं ते हे: हा टँक कुठे उभा आहे, तारीख काय, किती वाजलेत, आणि तो शेवटचा धुतला कधी? याची उत्तरं मिळाली की चिखल कुठे, धूळ कुठली, गंज किती, हे जवळजवळ आपोआप ठरतं. मॉडेलवरच्या प्रत्येक डागाला कारण असलं पाहिजे. ज्या डागाचं कारण सांगता येत नाही तो कितीही सुंदर उतरला असला तरी पुसावा.

तुमच्या टँकची उत्तरं शोधणं अवघड नाही. युद्ध सुरू झालं 3 डिसेंबर 1971च्या संध्याकाळी आणि शस्त्रसंधी झाली 17 तारखेला. मधले दिवस मोजा, दोन आठवडे होतात. रोज देखभाल होणाऱ्या, रंग शाबूत असलेल्या टँकच्या बाजूंवरून दोन आठवड्यांत गंजाचे ओघळ येत नाहीत. त्यासाठी गाडी वर्ष-दोन वर्षं पावसात बेवारस पडावी लागते. आबांनी एका वाक्यात सांगितलं ते हेच. रणगाड्याचं दल आपली गाडी रोज पुसतं, ग्रीस भरतं, चाकांवरून फिरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचा ताण तपासतं. ती माणसं त्या गाडीतच राहतात, तिच्यावर त्यांचा जीव अवलंबून असतो. गंजाचे ओघळ रंगवले की त्या माणसांची मेहनत आपण मॉडेलवरून पुसून टाकतो. मला यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त खटकते.

आता तांबडी माती. ती कुठून आली असावी याचा मला दाट अंदाज आहे. सेंच्युरियनच्या वेदरिंगचे जे फोटो आणि धडे सहज सापडतात, त्यांतले पुष्कळसे ऑस्ट्रेलियन सेंच्युरियनचे असतात. ते व्हिएतनामात लढले आणि तिथल्या त्यांच्या भागातली माती खरोखरच लालभडक होती. त्या टँकच्या बाजूच्या पत्र्यांमागे चिखल आणि झाडोरा अडकून बसायचा, म्हणून ते पत्रेच काढून टाकले होते. एएफव्ही क्लब या मॉडेल कंपनीचं ऑस्ट्रेलियन सेंच्युरियनचं किटही निघालेलं आहे, त्यामुळे तो अवतार मॉडेलवाल्यांच्या चांगला परिचयाचा. दुसरा अवतार इस्राएलचा. 1973च्या ऑक्टोबरात गोलानवर लढलेले सेंच्युरियन. गोलानचा खडक आपल्या दख्खनसारखाच बेसॉल्ट, त्यामुळे तिथली माती आणखी वेगळी, तपकिरी काळपटाकडे झुकणारी. आणि बसंतरचा भाग, शकरगढचा पट्टा, हा नद्यांच्या गाळाचा सपाट प्रदेश. भुरकट, राखाडीकडे झुकलेली बारीक माती. कोरडी असताना पिठासारखी उडते, ओली झाली की गडद होऊन चिकटते. टँक तोच, पण जमिनी तीन आणि धुळीही तीन. धाकट्यानं व्हिएतनामचा चिखल पंजाबच्या सीमेवर आणला आहे. हात चांगला असून असं होतं, कारण तंत्र फोटो पाहून शिकता येतं, पण जमीन नकाशा पाहून शिकावी लागते. तुम्हीही सांभाळा. साताऱ्याच्या शेतातली काळी माती किंवा महाबळेश्वरच्या रस्त्याकडेची तांबडी माती चाळून लावायचा मोह होईल. दोन्ही चुकीच्या.

खरी माती नको म्हणण्याचं दुसरंही कारण आहे, मापाचं. 1/35 मध्ये 1 मिलिमीटरचा कण म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटरचा दगड. हा हिशेब कायम डोक्यात ठेवा, निम्मे वाद तिथेच मिटतात. हॅचच्या, म्हणजे आत उतरायच्या झाकणाच्या, कडेवर 2 मिलिमीटरची खरवड काढली म्हणजे खऱ्या टँकवर 7 सेंटिमीटरचा, जवळजवळ तळहाताएवढा रंगाचा पोपडा उडालाय. असे पोपडे सगळ्या कडांवर असतील तर तो टँक कशाला घासला गेला, याचं उत्तर मॉडेल करणाऱ्याकडे हवं. चिखलाचा 2 मिलिमीटर थर म्हणजे 7 सेंटिमीटर. तो चाकांच्या मागे, हलच्या (टँकच्या मुख्य धडाच्या) खालच्या अंगाला शोभेल, टरेटच्या (वरच्या फिरत्या, तोफेच्या भागाच्या) बाजूला शोभणार नाही.

तर मग तुमचा टँक शोरूमचा आहे का? माझ्या मते वरचा भाग ठीक आहे आणि खालचा भाग अपुरा आहे. तुम्ही लिहिता, वरून हलकी धूळ मारली. म्हणजे सगळीकडे सारखी. टँकवर धूळ अशी बसत नाही. हे पाहायला रणगाडा लागत नाही. साताऱ्याच्या आसपास रस्त्याचं किंवा धरणाचं काम चालू असेल तिथे पोकलेन उभा असतो. त्याच्या पट्ट्यांकडे अर्धा तास नुसतं बघा. जमिनीला टेकणारा भाग घासून चांदीसारखा चकचकीत झालेला दिसेल. पट्ट्याच्या दोन कड्यांमधल्या खाचेत जुना चिखल वाळून फिका पडलेला, त्यावर आजचा ओला गडद चिखल. चाकाच्या मध्यभागी ग्रीसचा तेलकट काळा डाग आणि त्याला चिकटलेली धूळ. वर आडव्या पत्र्यांवर धुळीचा थर, पण ड्रायव्हर जिथून चढतो त्या पायरीवर ती पुसलेली. उभ्या बाजूंवर फार थोडं काही. रात्री दव पडलं असेल तर चकचकीत भागावर सकाळी पातळ नारिंगी गंज दिसतो आणि मशीन दहा पावलं चाललं की तो निघून जातो. टँकवर गंजाला खरी जागा एवढीच: पट्टे, ओढायचे दोर, आणि एक्झॉस्ट. सेंच्युरियनचे सायलेन्सर मागच्या मडगार्डवर दोन्ही बाजूंना असतात. ते तापून त्यांचा रंग जळतो, तिथे गंज हवाच. धाकट्याला गंज करायची हौस असेल तर त्याने ते दोन सायलेन्सर असे करावेत की बघणाऱ्याला चटका बसेल.

आणखी एक बारकावा, कारण तो चुकलेला फार दिसतो. इंधनाच्या झाकणाभोवती चकाकणारे काळपट डाग रंगवायची पद्धत आहे. ते डिझेलचे. डिझेल उडून जात नाही, तेलकट राहतं आणि धूळ ओढून घेतं. तुमच्या सेंच्युरियनचं मेटिऑर इंजिन पेट्रोलवर चालणारं, विमानांच्या मर्लिन इंजिनापासून तयार केलेलं. पेट्रोल सांडलं तर धूळ धुऊन नेतं आणि उडून जातं. म्हणजे झाकणाखाली डाग येत नाही, उलट जरा स्वच्छ पट्टा राहतो. इस्राएलने आपल्या सेंच्युरियनना नंतर डिझेल इंजिनं बसवली, तिथे काळे डाग चालतात.

प्रत्यक्ष कामाचं सांगते. मॉडेलवर आधी चकचकीत वार्निशचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. ऑइल कलर महागडे लागत नाहीत, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी कॅमलची बर्न्ट अंबरची ट्यूब पुरते. रंग थेट वाटीत घेऊ नका. जाड पुठ्ठ्यावर पिळा आणि अर्धा तास सोडा. पुठ्ठा त्यातलं तेल शोषून घेतो. तेल कमी झालं की रंग लवकर वाळतो आणि चमकत नाही. मग बिनवासाच्या थिनरमध्ये तो इतका पातळ करा की चहाच्या पाण्यासारखा दिसेल. बारीक ब्रशचं टोक वेल्डिंगच्या रेषेला नुसतं टेकवायचं. रंग स्वतःच रेषेतून पळत जातो, तो पळताना बघणं हा या छंदातला माझा सगळ्यात आवडता क्षण आहे. वीसेक मिनिटांनी थिनरने जेमतेम ओला केलेला सपाट ब्रश वरून खाली, फक्त वरून खाली फिरवा. जास्तीचा रंग निघतो, खाचेतला राहतो. सगळं वाळल्यावर मॅट वार्निश.

एकच काळजी. थिनर साचू देऊ नका, विशेषतः चाकांच्या दांड्यांपाशी आणि जिथे प्लॅस्टिक ताणून बसवलेलं आहे तिथे. किटचं हे प्लॅस्टिक, स्टायरीन, ठिसूळ होऊन तडकतं. नेलपॉलिश रिमूव्हर तर जवळही आणू नका, त्यातलं अॅसिटोन प्लॅस्टिक विरघळवतं. आणि पावसाळ्यात साताऱ्याच्या हवेत वार्निश फवारायचं असेल तर कोरडा दिवस बघा, दमट हवेत त्यावर पांढुरकी साय धरते.

त्यानंतर धूळ आणि चिखल. बफ (फिकट पिवळसर मातकट) रंगात थोडा राखाडी मिसळून, खूप पातळ करून, हलच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर फवारा. मडगार्डच्या मागच्या टोकाला जास्त, टरेटवर जवळजवळ नाही. मग सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या ब्लेडने खरवडून भुकटी करा. त्यात थोडं प्लास्टर आणि पाणी घातलं की चिखल तयार. आधी फिका, वाळलेला थर द्या आणि त्यावर मोजक्या ठिकाणी गडद, ओला. बसंतरला हा ओला थर अगदी रास्त आहे. डिसेंबरची थंडी, नदीचं पात्र, आणि 15-16 डिसेंबरच्या रात्री सुरुंगांच्या पट्ट्यातून वाट काढत पलीकडे गेलेले टँक. ओला चिखल चाकांवर आणि हलच्या पोटाशी येणारच. तेवढी एक संध्याकाळ खर्च करा, वरच्या भागाला हात लावू नका.

खरवड अगदी थोडी, आणि दोन टप्प्यांत. स्पंजाने आधी मूळ हिरव्याचीच फिकट छटा, म्हणजे रंग नुसता घासला गेलाय. त्यातल्या चार-दोन ठिपक्यांच्या पोटात गडद तपकिरी, म्हणजे तिथे लोखंड उघडं पडलंय. जागा: हॅचची कड, चढताना पाय पडतो तो कोपरा, सामानाच्या पेट्यांची झाकणं. टरेटभोवतीच्या त्या पेट्या आणि बाजूचे पत्रे पातळ असतात, ते वाकतात, चेपतात. तिथे एखादा पोचा काढलात तर दहा खरवडींपेक्षा खरा वाटेल. टरेटचं ओतीव चिलखत मात्र चेपत नाही.

तुम्ही ‘फामागुस्टा’ निवडलात, म्हणून एक गोष्ट जरा थांबून सांगते. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा, 1950चा. 16 डिसेंबर 1971 रोजी जरपालजवळ त्यांच्या टँकला, म्हणजे ‘फामागुस्टा’ला, आग लागली, तरी ते लढत राहिले आणि तिथेच धारातीर्थी पडले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं तेव्हा ते त्या सन्मानाचे सर्वांत तरुण मानकरी होते. म्हणजे तुमच्या टँकला केवळ तारीख पुरत नाही, तास लागतो. सकाळी नदी पार करून आलेला ‘फामागुस्टा’ वेगळा आणि शेवटच्या लढाईतला वेगळा. माझा सल्ला सकाळचा. ओल्या चिखलाचा, अजून न जळलेला, माणसांनी नीट ठेवलेला टँक. तुम्ही जो केला आहे तो जवळपास तोच आहे, आणि मला तो बदलावासा वाटत नाही.

खरा ‘फामागुस्टा’ अहिल्यानगरला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलेला आहे. तिथलंच कॅव्हलरी टँक म्युझियम 1994 साली उभं राहिलं. साताऱ्याहून सकाळी निघालात तर एका दिवसात पाहून परत येता येतं. चौघं मिळून जा. मात्र म्युझियममधल्या टँकवरून रंग ठरवू नका. प्रदर्शनातल्या गाड्यांना पुन्हा पुन्हा रंग दिलेला असतो, मूळ छटा त्याखाली गेलेली असते. बघायचं ते टरेटच्या ओतकामाचा खडबडीतपणा, वेल्डिंगच्या शिवणीची जाडी, पेट्यांचे कडी-कोयंडे, पट्ट्याच्या एका कडीची रुंदी. ओतकामाचा तो पोत किटच्या गुळगुळीत प्लॅस्टिकवर पातळ पुटी कडक ब्रशने ठोकून आणता येतो. त्यासाठी हलका आणि धीराचा हात लागतो, आणि तुमच्या ग्रुपमध्ये तसा हात कोणाचा आहे हे तुम्हीच लिहिलं आहे.

आता ग्रुपचं. सोडू नका. एकट्यानं काम करणाऱ्याला स्वतःच्या सवयी दिसेनाशा होतात. वरपासून खालपर्यंत सारखी धूळ मारायची तुमची सवय कोणीतरी दाखवायलाच हवी होती. त्यांनी ती वाईट पद्धतीने दाखवली, एवढंच. टिंगलीचं वाईट वाटलं हे त्यांना सरळ सांगा. इतक्या वर्षांच्या मैत्रीत एवढं बोलता आलं पाहिजे. आणि बैठकीची पद्धत बदलायची सूचना मांडा. मॉडेल पूर्ण झाल्यावर आणायचं, हीच मुळात अडचण आहे. त्या वेळी कोणी काहीही म्हटलं तरी ते लागतंच, कारण दुरुस्त करायला काही उरलेलं नसतं. बेस रंग झाला की आणा. सोबत चार ओळींचा कागद: टँक कुठला, जागा कुठली, तारीख, शेवटचा धुतला कधी. टीका आधी त्या कागदावर होऊ द्या. नंतर मॉडेलकडे बघून “जास्त झालंय” किंवा “कमी झालंय” म्हणायची मुभा कोणालाच नको. “हा डाग कशाने पडला?” एवढंच विचारायचं. याने कोणी दुखावत नाही आणि ज्याला उत्तर देता येत नाही त्याला स्वतःलाच कळतं. हा नियम तुम्हालाही लागू. “इथे धूळ का?” असं कोणी विचारलं तर रागावू नका.

धाकट्याच्या गंजाला मला योग्य जागा सुचते. बसंतरला पूना हॉर्ससमोर पाकिस्तानचे पॅटन रणगाडे होते आणि त्यांतले बरेच जळाले. टँक पेटला की उष्णतेनं रंग जळून जातो, उघडं पोलाद काही दिवसांतच नारिंगी होतं, चाकांचं रबर जळून राखेचा पांढुरका थर उरतो, बाजूचा भाग काजळीने काळा. त्या मुलाचा सगळा हातखंडा इथे वापरता येईल आणि प्रत्येक डागाला कारणही असेल. चौघांत मिळून एकच बेस, म्हणजे मॉडेल मांडायचा पाट, करा: पुढे तुमचा चिखलाने भरलेला सेंच्युरियन, मागे त्याचा जळालेला पॅटन, मधे भुरकट शेतजमीन. उरलेले दोघं जमीन आणि माणसं करतील. मोबदल्यात त्याच्या तांबड्या सेंच्युरियनला “चूक” म्हणू नका. भारतीय खुणा काढून ऑस्ट्रेलियन लावल्या आणि बाजूचे पत्रे उतरवले की तो बराचसा व्हिएतनामचा होतो. त्याचं काम फुकट जात नाही.

आणि आबांना बैठकीला बोलवा. मॉडेल तपासून घ्यायला नको, त्यांना परीक्षक करू नका. “लढाई कशी होती” असंही विचारू नका, अशा प्रश्नाचं उत्तर एका रविवारी देता येत नाही आणि ते द्यायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं. हाताला माहीत असलेलं विचारा. गाडीवर चढताना पहिला पाय कुठे पडायचा? पाण्याचे कॅन कुठे बांधायचे? अंथरुण-पांघरुण कुठल्या पेटीत? चहा कुठे करायचे? जाळी गुंडाळून कुठे ठेवायचे? संध्याकाळी थांबल्यावर सगळ्यात आधी काय साफ करायचे, आणि कशाने? प्रश्न धाकट्याला विचारू द्या, उत्तरं तुम्ही लिहून घ्या. पहिला पाय कुठे पडायचा हे कळलं की ती दोन-तीन मिलिमीटरची खरवड कुठे काढायची, यावर चौघांत वाद उरणार नाही.